पाठीवरची लाल रेघ

मत्स्यालयाच्या दुकानात कोपऱ्यात एक उथळ ट्रे असतो. वर नळाची बारीक धार चालू असते आणि खाली पाण्यात लाल-तपकिरी रंगाचा एक गोळा हलका हलका थरथरत असतो. दुकानदार त्यातला चमचाभर काढून पिशवीत घालून देतो, माशांचं खाणं. नाव विचारलं तर म्हणतो, ट्यूबिफेक्स. घरी आणून तो गोळा बशीभर पाण्यात सोडला की हळूहळू उलगडतो, आणि मग कळतं की हे शेकडो जीव आहेत, दोऱ्यासारखे बारीक, दोन-चार सेंटिमीटर लांब. त्यातला एक ड्रॉपरने उचलून काचपट्टीवर ठेवावा. कापसाचे चार तंतू टाकावेत, म्हणजे त्यांत अडकून तो जरा स्थिर होतो. वर कव्हरस्लिप ठेवून सूक्ष्मदर्शकाच्या सर्वांत कमी शक्तीच्या भिंगाखाली पाहावं. कातडी पारदर्शक, आत तपकिरी आतडं, आणि आतड्याच्या अंगाने गेलेली एक लाल रेघ. ती शेपटाकडे आक्रसते. आक्रसलेली जागा पुढे सरकत जाते, तिच्यापुढे रक्त ढकललं जातं, लाट डोक्याकडे निघून जाते; तोवर मागे दुसरी उठलेली असते.

हे पुस्तक त्या रेघेविषयी आहे. पाण्यात राहणाऱ्या लहान खंडयुक्त कृमींच्या शरीरात ही रेघ कुठून निघते, कुठे जाते, तिला फाटे कुठे फुटतात, आणि एका कृमीत ती एका तऱ्हेची तर दुसऱ्यात वेगळ्या तऱ्हेची का असते, एवढीच त्याची व्याप्ती. एवढ्याशा विषयाला एक पुस्तक कशाला, असं वाचकाच्या मनात येईल. मलाही ते पटायला बरीच वर्षं लागली, म्हणून ती हकीकत आधी सांगतो.

आमच्या पिढीने बी.एस्सी.ला गांडूळ फाडलं. कोकणात ज्याला काडू म्हणतात आणि देशावर कुठे कुठे शिदोड, तोच प्राणी प्रयोगशाळेत आला की त्याचं नाव फेरेटिमा होई. मेणाच्या ट्रेमध्ये तो टाचण्यांनी ताणून बसवायचा, पाठीवर एक सरळ छेद द्यायचा आणि आतल्या वाहिन्या ओळखायच्या. सातव्या, नवव्या, बाराव्या आणि तेराव्या खंडांत हृदयांच्या जोड्या. वर पृष्ठवाहिनी, खाली अधरवाहिनी, मज्जारज्जूच्या खाली आणखी एक बारीक वाहिनी. या आकृत्यांचा पाया लखनौचे प्राध्यापक कर्म नारायण बहल यांनी घातला. फेरेटिमाच्या रक्ताभिसरणावरचा त्यांचा निबंध १९२१ सालचा, आणि त्या प्राण्यावरची त्यांची पुस्तिका १९२६ सालची. भारतातल्या कित्येक पिढ्या तिच्यावर शिकल्या. मीही आधी शिकलो, मग तेच शिकवलं. वहीत लाल पेन्सिलीने काढलेल्या त्या वाहिन्यांवर बाणही असत, रक्त कुठून कुठे वाहतं ते दाखवणारे. ते बाण मी वर्षानुवर्षं फळ्यावर काढले, पण रक्त वाहताना कधी पाहिलं नव्हतं. क्लोरोफॉर्म दिलेल्या गांडुळात पृष्ठवाहिनी म्हणजे एक काळसर निश्चल दोरा. बाणाची दिशा पुस्तकातून उतरवायची, बस्स.

आता विद्यापीठ अनुदान आयोगाच्या सूचनांनंतर ते विच्छेदन बंद झालं आहे. चांगलं झालं, असं मला मनापासून वाटतं. पण त्याच्या जागी आलेल्या संगणकावरच्या चित्रांतही रक्त बाणांनीच वाहतं, आणि याची मला खंत आहे. कारण ते वाहताना पाहायला ना छेद लागतो ना क्लोरोफॉर्म. दहा-वीस रुपयांच्या ट्यूबिफेक्समध्ये ते उघड दिसतं. लहान पाणकृमींची शरीररचना कातडीआडून वाचता येते, आणि त्यांच्या वाहिन्यांची तुलना जिवंतपणीच होऊ शकते. मेलेल्या, फॉर्मॅलिनमध्ये किंवा अल्कोहोलमध्ये टाकलेल्या कृमीत रक्ताचा रंग जातो, वाहिन्या रिकाम्या होऊन चपट्या पडतात आणि उरलेलं आतड्याच्या तपकिरी पेशींत हरवून जातं. या विषयाकडे इतकी वर्षं दुर्लक्ष झालं त्याचं मोठं कारण हेच आहे. कृमींची वर्गवारी करणारे बहुतेक अभ्यासक संग्रहातल्या नमुन्यांवर काम करतात. त्यांच्या हाती राहतात ते दृढरोम, म्हणजे खंडाखंडांतून बाहेर आलेले ताठ केस, आणि जननेंद्रियं. त्यांवरच ओळख ठरली. वाहिन्या वर्णनाच्या शेवटी एका ओळीत येतात, आणि पुष्कळदा तेवढ्याही येत नाहीत.

मुळात वाहिनी हवीच कशाला, इथून सुरुवात करू. त्याच बशीत एखादा प्लानेरिया, म्हणजे चपटा कृमी, सापडला तर त्याच्यात रक्तवाहिनी नावालाही नाही. गोलकृमींतही नाही. लहान शरीराला तिची गरज पडत नाही, कारण ऑक्सिजन पाण्यातून कातडीत आणि कातडीतून आत आपोआप झिरपत जातो. हे झिरपणं थोड्या अंतरापुरतंच पुरतं. डॅनिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ ऑगस्ट क्रोग यांनी मांडलेल्या हिशोबानुसार ही मर्यादा साधारण अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास येते. गोल शरीर १ मिलिमीटरपेक्षा जाड झालं की मध्यभागी ऑक्सिजन अपुरा पडू लागतो. प्लानेरियाने चपटं राहून ती अडचण टाळली. आपले खंडयुक्त पाणकृमी मात्र बहुतेक याच मर्यादेच्या आत-बाहेर घोटाळतात. म्हणूनच ते तुलनेला इतके चांगले. यांतल्या सर्वांत बारीक कृमीला रक्तवाहिनीवाचून कसंबसं चालून गेलं असतं, सर्वांत जाड्याला मुळीच नाही, आणि या दोन टोकांच्या मध्ये वाहिनी कशी कशी आकाराला येते ते पायरीपायरीने पाहता येतं.

एओलोसोमा हा त्यातला सर्वांत साधा. लांबी जेमतेम एक-दोन मिलिमीटर, कातडीत नारिंगी नाहीतर हिरवट तेलाचे थेंब, आणि डोक्याखालच्या केशलांनी, म्हणजे सतत हलणाऱ्या सूक्ष्म केसांनी, पाण्यात तरंगत गेल्यासारखी चाल. नुसत्या रूपासाठीही पाहावा असा जीव. आजचे अभ्यासक त्याला गांडुळांच्या गोतावळ्यातून बाहेर काढतात, पण जुन्या ग्रंथांत तो पहिल्याच प्रकरणात भेटतो. त्याचं रक्त रंगहीन असतं आणि पृष्ठवाहिनी फक्त पुढच्या भागात असते. मागे गेलं की ती संपते आणि रक्त आतड्याच्या भिंतीतल्या पोकळीत पसरलेलं राहतं. आतड्याभोवती रक्ताचा एक पातळ लेप असावा आणि पुढच्या टोकाला तो गोळा होऊन त्याची नळी व्हावी, तसं काहीसं.

एन्किट्रिइड कुलातल्या पांढऱ्या कृमींतही हाच मामला, एक पायरी पुढचा. त्यांची पृष्ठवाहिनी आतड्याभोवतीच्या रक्तपोकळीतूनच निघते. नेमकी कितव्या खंडात निघते हे जातीनुसार बदलतं, आणि या कुलाच्या ओळखीत ते लक्षण तज्ज्ञ आवर्जून नोंदवतात. रक्ताचा रंगही नोंदवतात, कारण बहुतेकांचं रंगहीन असलं तरी काहींचं पिवळसर किंवा लाल असतं. वर्गवारीत वाहिन्यांना मान मिळालेली ही मोजक्या ठिकाणांपैकी एक जागा. तिथे ती परंपरा का रुजली याचं माझं उत्तर साधं आहे: एन्किट्रिइडांचे अभ्यासक कृमी जिवंत असतानाच पाहतात.

नाइस, डेरो, स्टायलेरिया या मंडळींत पृष्ठवाहिनी शरीराच्या मागच्या टोकापासून पुढच्या टोकापर्यंत अखंड जाते. मध्यावर ती नेहमीच बरोबर पाठीवर नसते. आतड्याच्या डाव्या कुशीला सरकलेली दिसते आणि पुढे घशाजवळ आली की वर चढते. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा काचपट्टीवर कृमी कुशीवर पडला असणार असं मी धरून चाललो होतो. चार-पाच नमुने उलटेसुलटे करून पाहिल्यावर कळलं की कृमी सरळच होता. पुढच्या खंडांत पृष्ठवाहिनी आणि अधरवाहिनी यांना जोडणाऱ्या आडव्या कमानी असतात, दोन्ही बाजूंना एकेक. त्यांतल्या काही फुगून स्वतः आक्रसू लागतात. त्यांना हृदय म्हणायची पद्धत आहे. ती किती जोड्या आणि कोणत्या खंडांत, हे प्रत्येक जातीचं वेगळं. ट्यूबिफेक्समध्ये आठव्या खंडात एक ठसठशीत जोडी. खंड मोजायला बसलं की नवखा माणूस हमखास एकाने चुकतो, कारण तोंडाचा पहिला खंड दृढरोमांशिवायचा असतो आणि तो मोजायचा राहून जातो.

प्रवाहाचा नियम सगळीकडे एकच आहे. पाठीवरचं रक्त पुढे जातं, कमानींतून खाली उतरतं, पोटाकडच्या वाहिनीतून मागे जातं, आणि वाटेत कातडी-आतड्याच्या जाळ्यांतून फिरून पुन्हा पाठीवर येतं. आपल्यात नेमकं उलटं आहे: हृदय पुढच्या अंगाला, आणि पाठीच्या कण्याला लागून जाणारी महाधमनी रक्त खाली नेते. या उलटेपणाने एकोणिसाव्या शतकातल्या प्राणिशास्त्राला झपाटून टाकलं होतं. एतिएन जोफ्रुआ सेंट-हिलेर यांनी १८२२ साली अशी कल्पना मांडली की कणाधारी प्राणी म्हणजे पाठीवर उलथलेले संधिपाद प्राणीच. पुढे नेपल्सचं सागरी संशोधन केंद्र उभारणाऱ्या आंतोन डोर्न यांनी १८७५ साली तीच दिशा धरून कणाधाऱ्यांचा पूर्वज खंडयुक्त कृमींत शोधला. त्यांची बरीच चेष्टा झाली. पाठ आणि पोट ठरवणारी जनुकं कीटकांत आणि कणाधाऱ्यांत खरोखरच उलटसुलट जागी काम करतात, हे दिसायला १९९० नंतरचा काळ उजाडला. त्याआधी एका वाहिनीतल्या प्रवाहाची दिशा पाहून एवढी मोठी शंका कुणाच्या मनात यावी, हे मला फार मोलाचं वाटतं.

नकाशावर रेघा सारख्या दिसल्या तरी या वाहिन्या आपल्या वाहिन्यांसारख्या बांधलेल्या नाहीत. आपल्या प्रत्येक रक्तवाहिनीला आतून चपट्या पेशींचं अस्तर असतं. या कृमींना ते नाही. आतड्याच्या पेशींचा पाया आणि देहगुहेच्या, म्हणजे आतडं आणि शरीराची भिंत यांमधल्या पोकळीच्या, अस्तराचा पाया, अशा दोन पातळ पडद्यांच्या फटीत त्यांचं रक्त असतं. फट जिथे रुंद आणि नळीसारखी, तिथे आपण तिला वाहिनी म्हणतो. जिथे पसरट, तिथे पोकळी. आक्रसणारे स्नायूही देहगुहेच्या अस्तरातूनच आलेले, वाहिनीला बाहेरून वेढणारे. हे एकदा ध्यानात आलं की एओलोसोमातली अर्धवट पृष्ठवाहिनी कोड्यात टाकत नाही. फट सगळीकडे आहेच, तिची नळी कुठे झाली आणि कुठे नाही एवढाच फरक. जळवांनी तर दुसरीच वाट धरली. गुराढोरांना लागणाऱ्या आपल्याकडच्या जळूत या मूळच्या वाहिन्या जवळजवळ नाहीशा होऊन आक्रसलेली देहगुहाच नळ्या बनून रक्ताचं काम करते. म्हणून जळू या पुस्तकात पाहुणी म्हणूनच आली आहे. तिची तुलना करायला दुसरी मोजपट्टी लागेल.

इथे जॉन स्टीफन्सन यांच्याविषयी सविस्तर सांगायला हवं, कारण या पुस्तकाचे खरे पूर्वज तेच. हे मूळचे इंडियन मेडिकल सर्व्हिसमधले डॉक्टर, पुढे लाहोरच्या शासकीय महाविद्यालयात प्राध्यापक. पंजाबातल्या तळ्या-डबक्यांतले कृमी त्यांनी जिवंत पाहायला सुरुवात केली आणि त्यांतून पुढे दोन मोठे ग्रंथ उभे राहिले: १९२३ सालचा ब्रिटिश भारताच्या प्राणिसंपदा मालेतला ऑलिगोकीटा खंड आणि १९३० सालचा ऑक्सफर्डहून निघालेला ऑलिगोकीटावरचा समग्र ग्रंथ. भारतातल्या पाणकृमींवर काम करणाऱ्याला आजही या दोन्हींशिवाय पाऊल टाकता येत नाही. मला मात्र त्यांचा १९१३ सालचा, एडिंबरोच्या रॉयल सोसायटीने छापलेला निबंध अधिक जवळचा आहे. विषय: कृमींचं आतड्यातून होणारं श्वसन आणि त्यावरून रक्ताभिसरणाच्या उगमाचा विचार.

स्टीफन्सन यांना दिसलं ते असं. या लहान पाणकृमींच्या आतड्याच्या मागच्या भागात केशल असतात आणि ते पाणी मागून पुढे ओढतात. आतडंही पुष्कळदा उलट्या दिशेने आक्रसतं, शेपटाकडून डोक्याकडे. अन्न मागे सरकत असताना पाणी गुदद्वारातून आत येत राहतं. आतड्याच्या भिंतीत रक्त आहेच, म्हणजे आलेल्या पाण्यातला ऑक्सिजन तिथल्या तिथे घेतला जातो. मग त्यांनी पुढचा प्रश्न विचारला: पृष्ठवाहिनीत रक्त पुढेच का जातं? त्यांचं उत्तर असं की आतड्याची ती उलटी लाट आधीची. आतड्याभोवतीचं रक्त तिच्यासोबत पुढे ढकललं जाई, आणि नंतर वाहिनी वेगळी झाली तेव्हा तीच दिशा तिने वारशाने घेतली. म्हणजे रक्ताभिसरणाची दिशा पचनसंस्थेने ठरवली, आणि तीही श्वासासाठी. हा तर्क शंभर टक्के सिद्ध झाला आहे असा माझा दावा नाही. पण लाहोरच्या एका डबक्यातला कृमी पाहता पाहता एवढा तर्क बांधणारा माणूस आपल्या उपखंडात होऊन गेला आणि आपल्या पाठ्यपुस्तकांत त्याचं नाव येत नाही, याचं मला वाईट वाटतं. वाहिन्यांची तुलना म्हणजे प्रत्येक कृमी श्वास कुठून घेतो याची तुलना, हा धडा मी त्यांच्याकडून घेतला, आणि या पुस्तकातली प्रत्येक आकृती त्या नजरेने काढली आहे.

ट्यूबिफेक्स डोकं चिखलात खुपसून शेपूट वर पाण्यात हलवत राहतो. तोंड चिखलात, म्हणजे अन्न तिथे. चिखलात ऑक्सिजन जवळजवळ नाही, म्हणून श्वास शेपटाकडे. स्वीडनच्या गुस्ताव आल्स्टरबर्ग यांनी १९२२ साली याचा बारकाईने अभ्यास केला: पाण्यातला ऑक्सिजन कमी होत गेला की हे कृमी शेपूट अधिकाधिक बाहेर काढतात आणि जोराने हलवतात. घरच्या बशीतही हे दिसतं. पाणी दोन दिवस बदललं नाही की लाल शेपटांचं गवत उंच होतं. आता त्याच शेपटाच्या कातडीकडे भिंगातून पाहिलं तर वाहिन्यांचे बारीक फाटे कातडीलगत आलेले दिसतात. पुढच्या खंडांत तसे नाहीत.

लम्ब्रिक्युलस हा युरोप-अमेरिकेतल्या तळ्यांचा. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी वाचकांना तो ब्लॅकवर्म या नावाने पाळीव प्राण्यांच्या दुकानात मिळेल. तो शेपूट थेट पाण्याच्या पृष्ठभागापर्यंत नेतो आणि काटकोनात वळवून हवेला लावून ठेवतो. त्याच्या पृष्ठवाहिनीला प्रत्येक खंडात बाजूला आंधळे फाटे आहेत. ते दुसऱ्या कुठल्याही वाहिनीला मिळत नाहीत. रक्त भरून घेतात आणि आक्रसून परत पृष्ठवाहिनीत सोडतात. आयोवा स्टेट विद्यापीठातले चार्ल्स ड्रूज यांनी या कृमीची नाडी शाळकरी मुलांना मोजायला शिकवली, आणि कॅफीन, निकोटीन अशा द्रव्यांनी ती कशी बदलते ते वर्गातल्या वर्गात दाखवता येतं हे मांडलं. शेपटाकडे उठलेली प्रत्येक लाट डोक्यापर्यंत पोचतेच असं नाही. काही वाटेतच विरतात. त्यामुळे एकाच कृमीची नाडी मागे एक भरते आणि पुढे दुसरी. आपल्या मनगटावर आणि घोट्यावर वेगवेगळे ठोके पडावेत, तसं हे. नाडी मोजताना कोणत्या खंडाजवळ मोजली ते लिहिल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नाही, असं मी पुस्तकात पुन्हा पुन्हा म्हटलं आहे ते यासाठी.

डेरोने शेपटाच्या टोकाला एक पसरट कटोरीच तयार केली आहे आणि तिच्यात बोटांसारखे कल्ले. कल्ल्यांवरचे केशल पाणी फिरवत राहतात. अधरवाहिनीतून मागे आलेलं रक्त या बोटांतून जातं आणि पृष्ठवाहिनीत उतरतं. प्रत्येक बोटात वाहिनीचा एक वळसा. कृमी घाबरला की कटोरी मिटून घेतो, आणि मग इतका वेळ दिसत असलेली सगळी आकृती एका क्षणात नाहीशी होते. मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात असलेले आल्फ्रेड गिब्स बोर्न यांनी १८९० साली आणखी नवलाचा कृमी लिहून ठेवला. त्याचं आजचं नाव ब्रँकिओड्रिलस. त्याचे कल्ले शेपटाला नसून शरीराच्या बाजूंना खंडाखंडांत लांब फुटलेले, आणि पाठीकडचे दृढरोम त्या कल्ल्यांच्या आत गुरफटलेले. दोनच वर्षांनी, १८९२ साली, फ्रँक बेडार्ड यांनी ब्रँकिउरा सोवर्बायीचं वर्णन केलं. यात कल्ले पुन्हा शेपटाकडे, पण पाठीच्या आणि पोटाच्या मधोमध, प्रत्येक खंडात वर एक आणि खाली एक. बेडार्ड यांना तो लंडनच्या रीजंट्स पार्कमधल्या वनस्पती उद्यानात, राक्षसी पानांच्या व्हिक्टोरिया कमळाच्या हौदातल्या गाळात मिळाला. तो मूळचा आशियातला, बागेच्या रोपांबरोबर तिथे पोचला असावा असा अभ्यासकांचा कयास आहे. आपल्याकडे तळ्याच्या गाळात आणि भाताच्या खाचरात हा कृमी सहज सापडतो. लंडनच्या हौदातून जगाला कळलेल्या या कृमीला ज्यांच्या शेतात तो नांदतो त्यांनीही एकदा भिंगाखाली पाहावं, अशी माझी इच्छा आहे.

या सगळ्यांच्या रक्ताच्या लाल रंगाचा थोडा विचार करायला हवा. लाल रंग हीमोग्लोबिनचाच, पण आपल्यासारखा पेशींत भरलेला नाही. रक्तद्रवात सरळ विरघळलेला. आपलं हीमोग्लोबिन असं सुटं झालं तर मूत्रपिंडातून गळून जाईल, कारण त्याचा रेणू सुमारे ६४ हजार डाल्टनचा, लहान. गांडुळाचा हीमोग्लोबिन रेणू सुमारे ३६ लाख डाल्टनचा आहे. १४४ ग्लोबिन साखळ्या आणि त्यांना बांधून ठेवणाऱ्या ३६ जोडसाखळ्या मिळून दोन षट्कोन एकावर एक ठेवावेत अशी त्याची रचना. उप्साला इथे स्वेडबर्ग यांनी १९३०च्या दशकात अतिवेगवान अपकेंद्री यंत्रात त्याला फिरवून त्याचं हे अवाढव्य आकारमान दाखवलं. एवढा मोठा रेणू वाहिनीतून गळत नाही. मत्स्यालयाच्या दुकानात ‘ब्लडवर्म’ म्हणून मिळणारा दुसरा लाल जीव यात मिसळू नये. त्याला वेगळं डोकं आणि आखूड बोथट पाय असतात. ती डासासारख्या दिसणाऱ्या एका माशीची अळी. तिच्यातही हीमोग्लोबिन आहे, पण रक्त मोकळ्या पोकळीत फिरतं. आपल्या अर्थाने वाहिन्यांचं जाळं तिच्यात नाही. माझ्याकडे येणारे दहातले चार विद्यार्थी तीच घेऊन येतात. मी त्यांना परत पाठवत नाही. दोन्ही शेजारी ठेवून पाहायला सांगतो.

पुस्तकाचा क्रम मी कुलांच्या यादीनुसार लावलेला नाही. एक तर ती यादी आता बदलली आहे: ट्यूबिफेक्स आणि त्याचे सोबती पूर्वी स्वतंत्र ट्यूबिफिसिडी कुलात होते, या शतकाच्या पहिल्या दशकात ते नायडिडी कुलातच सामावले गेले. जुन्या पुस्तकांत दोन कुलांची म्हणून केलेली तुलना आता एकाच घरातल्या भावंडांची ठरली. दुसरं असं की वाचकाने पाहण्याच्या क्रमाने जावं असं मला वाटतं. म्हणून आधी ट्यूबिफेक्स, कारण तो दुकानात मिळतो आणि त्याचं रक्त गडद आहे. मग डेरो आणि ऑलोफोरस, जे कुंडीखालच्या बशीत, हौदाच्या शेवाळात किंवा कोकणातल्या सड्यावरच्या पावसाळी डबक्यांत शोधावे लागतात. शेवटी किटोगॅस्टर आणि एओलोसोमा, ज्यांचं रक्त रंगहीन असल्यामुळे वाहिनी फक्त हालचालीवरून ओळखावी लागते. डोळा तयार झाला नसेल तर एओलोसोमात काहीच दिसत नाही. सुरुवात त्याच्यापासून करणारे निराश होऊन सोडून देतात हे मी पाहिलं आहे.

आकृत्या सगळ्या जिवंत कृमींवरून काढल्या आहेत, कित्येक तासांच्या बसण्याने. जिथे मला वाहिनीचा फाटा खात्रीने दिसला नाही तिथे रेघ तुटक ठेवली आहे, अंदाजाने जोडलेली नाही. वाचकाला तिथे फाटा दिसला तर त्याने पेन्सिलीने जोडावा आणि तारीख घालावी. समासात त्यासाठी जागा सोडली आहे. कृमीला दाबू नये. कव्हरस्लिपखालचं पाणी सुकत आलं की त्याची नाडी आधी मंदावते, मग बेताल होते, आणि मग आपण जे पाहतो ते त्याचं मरण असतं, रक्ताभिसरण नव्हे. बाजूने एक थेंब पाणी सोडलं की तो सावरतो. पाहून झालं की त्याला परत त्याच्या पाण्यात सोडावं.

स्वित्झर्लंडच्या शार्ल बोने यांनी १७४१ साली गोड्या पाण्यातल्या अशाच कृमींचे तुकडे केले आणि तुकड्यांना नवी डोकी-शेपटं फुटताना पाहिली. १७४५ साली ते छापून आलं तेव्हा त्यांचं वय पंचविशीच्या आत-बाहेर. कोपनहेगनचे ऑटो फ्रीड्रिक म्युलर यांनी १७७१ साली गोड्या-खाऱ्या पाण्यातल्या कृमींवर ग्रंथ लिहिला. ट्यूबिफेक्स आणि लम्ब्रिक्युलस या दोघांच्या शास्त्रीय नावांपुढे आजही म्युलर यांचं नाव आणि १७७४ हे वर्ष लावलं जातं. नाइसमध्ये मात्र कापावं लागत नाही. तो स्वतःच मध्यावर नवं डोकं आणि नवं शेपूट तयार करतो, आणि दोन कृमी एकामागे एक जोडलेले फिरत राहतात. आतडं अजून एकच असतं, पृष्ठवाहिनीही एकच.

मागच्या पावसाळ्यात अशीच एक जोडी मी रात्री उशिरापर्यंत पाहत बसलो होतो. मागच्या कृमीचे डोळे आले होते, डोक्याचे दृढरोम फुटले होते. लाट त्याच्या शेपटाकडून उठे, त्याच्या नव्या डोक्यापाशी येई, सांधा ओलांडी आणि पुढच्या कृमीत शिरून त्याच्या तोंडापर्यंत जाई. एकाचं रक्त दुसऱ्याच्या अंगात उतरताना दिसत होतं. सांध्यापाशी वाहिनी आता बरीच बारीक झाली होती आणि एखादी लाट तिथे अडून थांबत होती. मी दिवा बंद करून झोपायला गेलो. सकाळी त्याच बशीत दोन कृमी होते, दोन टोकांना, आणि दोघांच्या पाठीवर दोन वेगळ्या लाटा चालू होत्या.